शुगरवाल्यांचं रक्त, गुठळ्या आणि मेडिकलमधून आणलेली इकोस्प्रिन

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका ताईंनी विचारलं आहे. सासऱ्यांचं वय ६४, टाइप २ मधुमेह बारा वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, हार्टचा किंवा लकव्याचा त्रास आजवर नाही. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.६. शेजारच्या काकांना अ‍ॅटॅक आला तेव्हापासून ‘शुगरवाल्यांचं रक्त घट्ट होतं’ हे त्यांच्या मनात बसलं आणि ते स्वतःच मेडिकलमधून इकोस्प्रिन ७५ आणून रोज घेऊ लागले. घरच्यांनी बीटी-सीटी, प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घेतल्या, तर सगळं नॉर्मल. इन्शुलिन टोचतात तिथे निळं पडतं, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. मग रक्त घट्ट की पातळ? गोळी चालू ठेवायची का? आणि पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे, त्याचं काय?

ताई, तुमच्या सासऱ्यांनी ऐकलं ते खरं आहे. पण त्यावर त्यांनी शोधलेला उपाय बहुधा त्यांच्यासाठी नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे सांगायला जरा सविस्तर लिहावं लागेल. माझ्या ओपीडीत निम्म्याहून जास्त पेशंट मधुमेहाचे असतात आणि हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात सतत येतो, म्हणून हातचं न राखता लिहितो.

रक्तात गुठळी बनवायची आणि ती विरघळवायची, अशा दोन्ही व्यवस्था कायम तयार असतात. भाजी चिरताना बोट कापलं की आधी रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी जखमेला चिकटतात. मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होऊन थ्रॉम्बिन तयार होतं आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनची जाळी करतं. रक्त थांबतं. त्याच सुमारास रक्तवाहिनीच्या अस्तरातून टीपीए नावाचा पदार्थ सुटतो, त्याच्यामुळे प्लाझ्मिन तयार होतं आणि प्लाझ्मिन ती जाळी कापत जातं. हे कापणं फार लवकर सुरू होऊ नये म्हणून टीपीएला आवर घालणारं एक प्रथिन आहे, त्याचं नाव पीएआय-१. निरोगी माणसात हा आवर बेताचा असतो.

टाइप २ मधुमेहात बिघाड सगळीकडे होतो, पण मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो तो हा पीएआय-१. तो वाढलेला असतो, बरेचदा चांगलाच. म्हणजे गुठळी बनणं सोपं आणि विरघळणं अवघड. रक्त घट्ट होण्याबद्दल सगळे बोलतात. गुठळी विरघळत नाही, याबद्दल क्वचितच कोणी बोलतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर जरासा तडकला आणि तिथे बारीकशी गुठळी झाली, तर ती आपोआप विरघळून जाऊ शकते. माणसाला पत्ताही लागत नाही. तीच गुठळी टिकून राहिली, वाढली, तर अ‍ॅटॅक.

हा पीएआय-१ येतो कुठून? पोटातल्या चरबीतून, चरबी साठलेल्या लिव्हरमधून, रक्तवाहिनीच्या अस्तरातून. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्शुलिन जास्त राहतं, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, आणि दोन्हींमुळे पीएआय-१ आणखी वाढतो. त्यामुळे हा बदल शुगर रिपोर्टात दिसायच्या आधीपासून, कमरेचा घेर वाढत असतानाच सुरू झालेला असतो. ‘बाबा तर जाड नाहीत’ असं तुम्ही म्हणाल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापं शेजारी शेजारी छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आत चरबी, ही आपल्याकडच्या शरीराची ठेवण आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बघा. आपल्या लोकांत पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत हवा.

पीएआय-१ दिवसभर सारखा नसतो. पहाटे तो सर्वांत जास्त असतो, म्हणजे गुठळी विरघळवायची ताकद तेव्हा सर्वांत कमी. सकाळच्या वेळी हार्ट अ‍ॅटॅक जास्त येतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक; त्या वेळी बीपी चढतं, प्लेटलेटही जास्त चिकट होतात. आता आपल्या गावाचा रिवाज बघा. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की सराफा बाजारात खाणं सुरू. थंडीत तळलेला गराडू कंद, वर तुपातली जलेबी, आणि घरी येऊन सरळ झोप. तळलेलं आणि गोड पोटात गेल्यावर पुढचे काही तास रक्तात ट्रायग्लिसराइड आणि साखर चढलेली राहते, गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर सात जास्त जागा होतो, आणि हे सगळं पहाटेच्या त्या वेळेला जाऊन भिडतं. एका रात्रीच्या सराफ्याने गुठळी होते असं मी म्हणत नाही. पाहुणे आले तर जरूर जा. पण मधुमेह असलेल्या माणसाने आठवड्यातून तीन-चारदा रात्री अकराला हे खायचं आणि सकाळी पोहे-जलेबीने दिवस सुरू करायचा, हे मला बघवत नाही. मी त्यांना स्पष्ट सांगतो की हे खाणं दुपारी आणा, निम्मं करा, आणि त्यानंतर चाला.

आता जाळीकडे. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटून बसलेल्या साखरेचं माप. तीच साखर रक्तातल्या इतर प्रथिनांनाही चिकटते, फायब्रिनोजेनला चिकटते, प्लाझ्मिन ज्याच्यापासून बनतं त्या प्लाझ्मिनोजेनलाही चिकटते. शिवाय मधुमेहात फायब्रिनोजेनचं प्रमाणही जास्त असतं. अशा रक्ताची गुठळी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली तर धागे दाट आणि मधली भोकं बारीक दिसतात. निरोगी माणसाची जाळी मच्छरदाणीसारखी, तर ही मांजरपाटासारखी. प्लाझ्मिनला आत शिरायला वाव राहत नाही. साखर आटोक्यात आणली की ही जाळी काही प्रमाणात सुधारते, हेही अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्या सासऱ्यांच्या ८.६ चा गुठळीशी संबंध आहे तो असा.

प्लेटलेटचं थोडक्यात सांगतो. इन्शुलिन एरवी प्लेटलेटला शांत ठेवतं. शरीर इन्शुलिनला दाद देत नसेल तर प्लेटलेटही देत नाहीत. रक्तवाहिनीचं अस्तर बिघडल्यामुळे त्यांना आवरणारे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन कमी पडतात. मधुमेहात प्लेटलेटची उलाढालही जलद होते, ताज्या आणि मोठ्या प्लेटलेट रक्तात जास्त असतात. आकड्यात मात्र काही फरक नाही. अडीच लाख असतील तर अडीच लाखच, फक्त स्वभाव चिडका.

तुमचे रिपोर्ट नॉर्मल का आले, त्याचं उत्तर इथेच आहे. बीटी-सीटी आणि पीटी-आयएनआर या तपासण्या रक्तस्राव होणाऱ्या माणसासाठी आहेत. रक्त गोठायला उशीर होतो का, एवढंच त्यांत बघतात. पीटीमध्ये नळीत रसायन टाकलं आणि गुठळी दिसायला किती सेकंद लागले ते मोजलं. ती गुठळी दाट झाली का, ती विरघळायला किती वेळ घेईल, रक्तवाहिनीचं अस्तर कसं आहे, यातलं काही त्या नळीत दिसत नाही. पीएआय-१ ची तपासणी संशोधनात होते, रोजच्या कामात तिचा उपयोग नाही, आणि कोणी पॅकेजमध्ये विकत असेल तर घेऊ नका. डी-डायमर, म्हणजे विरघळलेल्या गुठळीचे तुकडे मोजणारी तपासणी, तीही उगाच करू नका. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याची शंका असेल तेव्हा ती कामाची. त्याच पैशांत लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन आणि ईसीजी करा. लघवीत अल्ब्युमिन येत असेल तर रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावलंय असं समजायचं, आणि ते मला पीटी-आयएनआरपेक्षा पुष्कळ जास्त सांगून जातं.

आता गोळी. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. ती प्लेटलेटचं एक एन्झाइम कायमचं बंद करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवीन एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून ती प्लेटलेट असेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, बंदच राहते. ज्यांना अ‍ॅटॅक येऊन गेलाय, स्टेंट पडलाय, बायपास झालीय किंवा गुठळीमुळे लकवा झालाय, त्यांच्यासाठी ही किंवा तिच्या जातीची गोळी जीव वाचवणारी आहे, त्यात दुमत नाही. शेजारच्या काकांना ती डॉक्टरांनी दिली ती त्यासाठी.

पण ज्यांना यातलं काही झालेलं नाही त्यांचं काय? याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये असेंड नावाचा मोठा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये निकाल आला. मधुमेह असलेले, पण हृदयविकार नसलेले १५,४८० लोक, सरासरी ७.४ वर्षं. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. हृदय-मेंदूचे गंभीर प्रसंग ॲस्पिरिनवाल्यांत ८.५ टक्के, दुसऱ्या गटात ९.६ टक्के. मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनवाल्यांत ४.१ टक्के, दुसऱ्यांत ३.२ टक्के. हजार माणसांमागे साधारण अकरा जण अशा प्रसंगातून वाचले आणि नऊ जणांना मोठा रक्तस्राव झाला, त्यात पोटातला बराच. जवळजवळ बरोबरी. म्हणून आज आम्ही हार्टचा त्रास नसलेल्या मधुमेहीला सरसकट ॲस्पिरिन देत नाही. धोका खूप असेल आणि रक्तस्रावाची शक्यता कमी असेल, तर पेशंटशी बोलून ठरवतो. सत्तरीनंतर नव्याने सहसा सुरू करत नाही. त्याच अभ्यासात ओमेगा-३ च्या कॅप्सूलही दिल्या होत्या, त्यांचा फायदा दिसला नाही. लसूण खा, चवीला चांगला आहे. पण तो गोळीचं काम करेल या भरवशावर राहू नका.

मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. या वयात गुडघे दुखतात आणि त्याच मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनही येतं. ॲस्पिरिन आणि ही पेनकिलर एकत्र झाली की पोटात व्रण होऊन रक्तस्राव व्हायची शक्यता चांगलीच वाढते, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामात अडथळाही आणतं. शौच डांबरासारखं काळं झालं, एकाएकी दम लागू लागला, चेहरा पांढरा पडला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सासऱ्यांच्या पिशवीतल्या सगळ्या स्ट्रिप एकदा टेबलावर पसरून बघा. पेशंट बहुतेकदा सांगतात ‘फक्त बीपीची आणि शुगरची’, आणि पिशवीतून सहा वेगळी पाकिटं निघतात.

इन्शुलिनच्या जागी निळं पडतं ते सुईने बारीक रक्तवाहिनी दुखावली म्हणून. ॲस्पिरिनमुळे ते जास्त दिसतं. जागा बदलत राहा, सुई पुन्हा पुन्हा वापरू नका, टोचल्यावर चोळू नका. हिरड्यांतून येणारं रक्त बहुधा हिरड्यांच्या सुजेचं आहे, आणि ही सूज मधुमेहात फार आढळते. यातल्या कशावरूनही ‘रक्त पातळ झालंय’ असं ठरत नाही. जखम भरायला वेळ लागणं हाही गोठण्याचा प्रश्न नाही. तिथे रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग आणि साखर यांचा संबंध असतो.

मग गुठळ्या होऊ नयेत म्हणून करायचं काय? मुळाशी जायचं. पोटाची चरबी कमी झाली की पीएआय-१ उतरतो, आणि वजन परत चढलं की तोही परत चढतो. नियमित चालण्याने तो कमी होतो. शुगरच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही काही प्रमाणात कमी होतो, म्हणून किडनी ठीक असेल तर ती गोळी ‘जुनी आहे’ म्हणून सोडू नका. पिपल्यापाळ्याच्या पार्कात किंवा नेहरू पार्कात फिरायला जा, पण डिसेंबर-जानेवारीत अंधारात, कडाक्याच्या थंडीत नको. ऊन येऊ द्या, आणि जमेल तर जेवणानंतर चाला. विडी, सिगारेट, गुटखा यांतलं काही असेल तर ते सुटल्याशिवाय बाकीची मेहनत अर्धीच राहते. धूम्रपानाने फायब्रिनोजेनही वाढतं आणि प्लेटलेटही चिडतात.

बीपी आणि कोलेस्टेरॉलकडे साखरेइतकंच लक्ष द्या. चौसष्टाव्या वर्षी मधुमेह आणि बीपी असलेल्या माणसाला कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी बहुतेक वेळा लागतेच, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. इकोस्प्रिन न सांगता सुरू झाली आणि स्टॅटिन राहून गेली, असं असेल तर ते आधी सुधारा. डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ अभ्यासात लघवीत अल्ब्युमिन जाणाऱ्या १६० मधुमेहींपैकी निम्म्यांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, खाणंपिणं आणि व्यायाम सगळं एकदम हातात घेतलं, ॲस्पिरिनही त्यात होती. २००३ मध्ये निकाल आला तेव्हा हृदय-रक्तवाहिन्यांचे प्रसंग जवळजवळ निम्मे झाले होते. कुठल्याही एका गोळीने हे साधलेलं नाही.

८.६ खाली आणायचं, पण घाई नको. शुगर एकदम पडली की प्लेटलेट चिडतात, गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि हा परिणाम साखर सावरल्यावरही काही दिवस राहू शकतो. अमेरिकेतल्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात एचबीएवनसी ६ च्या खाली न्यायचा जोर लावलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. तुमच्या सासऱ्यांसाठी सातच्या आसपास, तेही चक्कर-घाम न येता, काही महिन्यांत आलं तर मला समाधान वाटेल. उलट टोकही लक्षात ठेवा. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो, त्यात उलट्या-जुलाब झाले, साखर पाचशेच्या पुढे गेली आणि पाणी कमी पडलं, तर रक्त खरोखर दाटतं आणि गुठळ्यांचा धोका फार वाढतो. अशा वेळी घरी वाट बघू नका.

एक फरक घरात सगळ्यांना माहीत असावा. ‘रक्त पातळ करायची गोळी’ एकच नसते. धमनीतली गुठळी मुख्यतः प्लेटलेटची, तिच्यासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. पायाच्या शिरेतली किंवा हृदयाचे ठोके अनियमित असताना हृदयात होणारी गुठळी मुख्यतः फायब्रिनची, तिच्यासाठी वॉरफॅरिन किंवा अपिक्साबॅनसारखी औषधं. मधुमेहात ठोके अनियमित होण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि तसं झालं तर ॲस्पिरिन पुरत नाही. म्हणून मी ईसीजी सुचवला. पुण्याला रात्रभराच्या बसने जाणार असाल तर दर तासा-दोन तासांनी पाय हलवा, बस थांबली की उतरून चाला, पाणी प्या. परतल्यावर एकच पाय सुजला आणि पोटरी दुखली तर मालिश न करता दाखवा.

मधुमेहात अ‍ॅटॅक छातीत दुखल्याशिवायही येतो. एकाएकी दम लागणं, गार घाम, जबडा किंवा खांदा दुखणं, ‘ॲसिडिटी’ जी गोळी घेऊनही जात नाही, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातातली ताकद जाणं, यातलं काही झालं तर १०८ ला फोन करा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते कागदावर लिहून घ्या.

राहिली दाढ. स्टेंट असलेल्या माणसाने दात काढायचा म्हणून ॲस्पिरिन स्वतःहून कधीच बंद करू नये. एखादी दाढ काढायला ती बहुधा बंद करावीही लागत नाही, डेंटिस्ट दाबून, टाके घेऊन रक्त थांबवतात. तुमच्या सासऱ्यांचा स्टेंट नाही, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून गोळीची गरजही दिसत नाही. पण त्यांना तपासल्याशिवाय इथून ‘बंद करा’ असं मी लिहिणार नाही. दाढेच्या आधी दोन-तीन दिवसांत त्यांच्या फिजिशियनकडे सगळ्या स्ट्रिप, जुने ईसीजी आणि रिपोर्ट घेऊन जा, इकोस्प्रिन कधीपासून घेतायत ते सांगा, आणि चालू ठेवायची की थांबवायची हे प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या. तोच कागद डेंटिस्टला दाखवा. दाढ सकाळच्या वेळी, नाश्ता आणि इन्शुलिन नेहमीसारखं झाल्यावर काढून घ्या. त्यानंतर दुखलं तर पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक नको. आणि तोंड दुखतंय म्हणून जेवण कमी होणार असेल, तर त्या दिवसाच्या इन्शुलिनचा डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.